कलम सात : आवाज नको

"सर, त्या बाईंला सांगा, आमी कान दिऊन ऐकतोय, पर आमाला काय बी ऐकू येत न्हाई!"

मालन सातपुतेचा हा आवाज एकवीस वर्षांनंतरही माझ्या कानात आहे. खणखणीत, राखेनं घासलेल्या पितळी तांब्यासारखा. ती हे बोलत होती तेव्हा युरोपच्या संसदेतल्या एक सभासद बाई आमच्या माळवंडीतल्या वस्तीच्या बोळातून चपला घालून चालत होत्या. वय अठ्ठावन्न, उंची सहा फुटांना जरा कमी, हातात वही. आणि चप्पल वाजत होती. करर्र-करर्र, करर्र-करर्र. लिंबावरचा कावळा उडाला. गोठ्यातल्या म्हशीनं रवंथ थांबवून मान वळवली. अकरा घरांतली चाळीस माणसं तेवढी आभाळाकडं बघत उभी होती, जणू त्यांना जन्मापासून कान नव्हते.

बाई बोळाच्या टोकाला जाऊन वळल्या आणि तशाच वाजत परत आल्या.

"म्हशीला ऐकू आलं," त्या मला जर्मनमध्ये म्हणाल्या. "तिचं म्हणणं लिहून घेऊ का?"

मी ते मराठीत सांगितलं. कुणी हसलं नाही. मालन म्हणाली, "म्हस नवी हाय. कालच आणली. तिला अजून इथलं काय म्हायती न्हाई."

बाईंचं नाव गेर्लिंडे हिंटरमायर. ऑस्ट्रियाच्या डोंगराळ भागातून निवडून आलेल्या. वस्तीनं त्या गाडीतून उतरताक्षणी नावाचं अर्धं ओझं उतरवून ठेवलं आणि त्यांची 'मायरबाई' केली. कोल्हापुरातून येताना त्यांनी मला आपलं काम समजावून सांगितलं होतं. त्यांच्या मतदारसंघात दुकानदार होते. त्यांचा धंदा चालला पाहिजे. गिऱ्हाइकं होती, त्यांची फसवणूक होता कामा नये. आणि बुटांचा एक जुना कारखाना होता, नऊशे माणसांचा. त्याची चिमणी विझता कामा नये.

"तिघंही मला मतं देतात," त्या म्हणाल्या, "आणि तिघांनाही वाटतं, मी बाकीच्या दोघांची आहे."

तीन जावांच्या घरातल्या सासूनं हसावं तशा त्या हसल्या आणि मांडीवरची फाईल थोपटली. फाईलीत एकसष्ट पत्रं होती. सगळी एकाच चपलेबद्दल.

मी तेव्हा कोल्हापुरात एका कॉलेजात जर्मन शिकवत होतो. वर्गात चार विद्यार्थी, त्यातले दोन पंख्याखाली बसायला येणारे. गाव म्हणाल तर माळवंडीच. वरच्या आळीतला, पाटलांच्या घरातला मी. आमच्या घरापासून ही वस्ती हाकेच्या अंतरावर होती, पण हाक मारायचं कारण आमच्याकडच्या कुणाला कधी पडलं नव्हतं.

ती हाक मालननं मारली. मायरबाई यायच्या दोन वर्षं आधी एक दिवस ती माझ्या कॉलेजात येऊन उभी राहिली, हातात एक कागद. वस्तीतल्या बायकांचा बचत गट तिनं उभा केला होता, आणि मायरबाईंच्या गावातल्या एका दुकानदारीण पोरीनं त्या गटाला ऑर्डर दिली होती : सहाशे जोड. अटी जर्मनमध्ये. मी एकेक वाचून सांगत गेलो. सातव्या कलमाशी आलो : चप्पल चालताना आवाज करू नये.

मालन तेव्हा मनापासून हसली होती. "येवडंच न्हवं? मग इंचू घालायचा न्हाई. काम कमीच झालं की."

विंचू म्हणजे रानातल्या एका झुडपाचं बी. काळं, टणक, शेंड्याला दोन आकडे. तळाच्या दोन थरांमध्ये ते ठेवून शिवलं की वहाण चालताना बोलते. पूर्वी पैलवान, पाटील, नवरदेव अशी वाजती वहाण मुद्दाम करून घ्यायचे. माणूस दिसायच्या आधी त्याचा रुबाब ऐकू यायचा.

मालननं अकरा घरांत फिरून बजावलं होतं : ह्या सहाशे जोडांत विंचू नाही. बी गोळा केलेली डबडी तिनं स्वतः उचलून माळ्यावर टाकली. माल गेला. आणि आता, दोन वर्षांनी, तिकडच्या देशात सहाशे जोड करकरत होते.

आणि सगळं त्यावर अडलं होतं. दुकानदारीण पोरीला पुढचे दीड हजार जोड हवे होते, पण गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या होत्या. बुटांचा कारखाना म्हणत होता, बघा, बाहेरचा माल सदोष असतो. मायरबाई दिल्लीच्या दौऱ्यावर आल्या होत्या. त्यातला एक दिवस काढून त्या इथं आल्या, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. त्यांनी अहवालात 'दोष' लिहिलं की ऑर्डर मेली. ऑर्डर मेली की अकरा घरांची वस्ती पुन्हा उठणार. अनुसया आणि तिचा नवरा इचलकरंजीचा माग सोडून नुकते परत आले होते, ते पुन्हा जाणार. बाळाबाईचे दोन मुलगे औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी रोजंदारीला उभे राहणार. हे मालनला पाठ होतं. म्हणूनच तिनं आदल्या दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं : कायबी विचारू दे, आपल्याला ठाऊक न्हाई.

चालून झाल्यावर मायरबाई लिंबाखालच्या घोंगडीवर बसल्या. त्यांच्या पायातला जोड एका ग्रंथपालबाईंचा होता. तो त्यांनी पावती करून आणला होता, तसाच परत द्यायचा होता.

"उसवून बघितला तर?" मी सुचवलं.

"ही ग्राहकाची मालमत्ता आहे," त्या दचकून म्हणाल्या, जणू मी ग्रंथपालबाईंनाच उसवायला सांगितलं होतं.

मग त्यांनी मला एक गोष्ट बजावली. दुभाष्यानं 'तो म्हणतो', 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही. बोलणारा 'मी' म्हणाला तर दुभाष्यानंही 'मी'च म्हणायचं. त्यांच्या संसदेत तसंच चालतं. मी मान डोलवली. त्यात काय अवघड होतं?

पहिली साक्ष अनुसयेची.

"बाई, ह्या पोटातल्या लेकराची आण," ती म्हणाली, "मी सातव्या म्हैन्यात हाय, मी खोटं बोलायची न्हाई."

आणि मी, मिशीवाला, एकतीस वर्षांचा, कडक इस्त्रीचा सदरा घातलेला माणूस, युरोपच्या प्रतिनिधीला शांतपणे सांगितलं की मी सातव्या महिन्यात आहे आणि खोटं बोलणार नाही.

"अभिनंदन," मायरबाई वहीतून डोकं न उचलता म्हणाल्या.

पुढचा बाळाबाईचा थोरला, राजाराम. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "इंचू घातला असंल तर हे हात झडूंदेत!"

मला त्या झुडपाचं जर्मन नाव येत नव्हतं. आजही येत नाही. तोंडाला आला तो शब्द मी बोलून गेलो. मायरबाईंचं पेन थबकलं. त्यांनी हळूच आपला उजवा पाय उचलला आणि चपलेकडं पाहिलं.

"चपलेत विंचू घातल्याचा आरोप," त्या सावकाश म्हणाल्या, "आजपर्यंत तरी कुणीही केलेला नाही. यांना तो खोडून का काढावासा वाटतोय?"

मी घाम पुसला. "बोलायची पद्धत आहे," म्हणालो. साक्षी सुरू झाल्यापासून मी स्वतःच्या वतीनं बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि तेही खोटं.

मग कारणं सुरू झाली. एकदा बोलायला लागली की आमच्याकडची माणसं कारणांत कंजुशी करत नाहीत. कुणी म्हणालं, तिकडच्या जमिनी लाकडाच्या असतात, त्या वाजतात. कुणी म्हणालं, तिकडची माणसं अंगानं भरलेली, चामड्यानं हुंकार तरी द्यायचा की नाही? राजारामनं थंडीचा मुद्दा काढला.

"बर्फात राहत्यात बाई ही लोकं. थंडीनं त्यांची गुडघी वाजत असतील. वाजतंय गुडघं आन् नाव चपलेचं."

मायरबाईंनी हेही लिहून घेतलं. मी चोरून पाहिलं. त्यांनी खरोखरच लिहिलं होतं : गुडघे?

एवढ्यात हौसाक्का बोलायला लागली. हौसाक्का म्हणजे भरमाण्णांची बहीण, पंच्याहत्तरीची, वस्तीतली सगळ्यात म्हातारी. भरमाण्णा मालनचे सासरे. ते पडवीत पाटावर बसून आरीनं टाके घालत होते. सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते. मायरबाईंनी सहज विचारलं होतं, पूर्वीच्या चपला कशा असायच्या? हौसाक्काला कुणी आजवर सहज काही विचारलंच नसावं. तिनं पदर सावरला, डोळे मिटले आणि गाऊनच दाखवलं :

करकर वाजं वहाण, पांदीच्या गं वळणाला
बंधू माझा आला, सांगं चुलीच्या जाळाला

"आत्ती, गप बसा!" मालन ओरडली.

पण ओवी बाहेर पडली होती. मायरबाई माझ्याकडं बघत होत्या. मी भाषांतर केलं. वाजती वहाण, वळण, भाऊ, चुलीचा जाळ. माझ्या ओबडधोबड जर्मनमध्येही ती बरी वाटली असावी, कारण बाईंनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे वाजायच्या," त्या म्हणाल्या.

"पूर्वी, बाई, पूर्वी!" मालन पुढं सरसावली. "जुनं लोक घालायचं कायबाय. आता कोण घालतंय? आमी तर शिकलोय. तुमच्या कागदावर माझी सई हाय. सातव्या कलमाच्या विरोधात आमच्या वस्तीत एक टाका पडला न्हाई. जे झालंय ते आपसूक झालंय."

"आपसूक," मायरबाईंनी माझ्याकडून तो शब्द दोनदा ऐकून घेतला. "नक्की? कुणीही मुद्दाम केलं नाही?"

"कुण्णी न्हाई!" चाळीस तोंडांतून एकदम आलं. हौसाक्काही त्यात होती.

बाईंनी वही मिटली. चष्मा काढून पुसला. मग मला म्हणाल्या, "जरा बाजूला या."

आम्ही गोठ्याच्या कडेला गेलो. नवी म्हैस आमच्याकडं बघत होती.

"या लोकांना कळत नाहीये," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दुकानानं जाहिरातीत लिहिलं होतं : पिढ्यान्‌पिढ्या बनते तशी, अस्सल चप्पल. आता, चप्पल आपसूक वाजत असेल तर तो दोष. सहाशे वेळा झालेला दोष. मला तसं लिहावंच लागेल, आणि कारखान्याचा मालक तो अहवाल चौकटीत लावून ठेवेल. पण जर कुणी मुद्दाम, रीत म्हणून, जाणून ती वाजती केली असेल तर चप्पल जाहिरातीत सांगितल्यासारखीच निघाली. मग दोष चपलेचा नाही. चूक एवढीच की ती वाजेल हे आम्ही गिऱ्हाइकाला आधी सांगितलं नाही. ते मी सांभाळू शकते. सातव्या कलमाचं मी त्या दुकानदारीण पोरीशी बोलेन. माझ्या भागात एका गावात पाहुण्यांनी तक्रार केली होती की गायींच्या गळ्यातल्या घंटांनी झोप मोडते. मी गायींच्या बाजूनं उभी राहिले. घंटा अजून वाजताहेत. पण त्यासाठी, श्रीयुत पाटील, मला कुणीतरी सांगायला हवं होतं की घंटा बांधली आम्ही."

मी धावत मालनकडं गेलो आणि तिला सगळं समजावलं. म्हणालो, कुणी केलं असेल तर कबूल करू दे, कबूल केलं तरच वाचू.

मालननं माझ्याकडं कीव येऊन पाहिलं.

"सर, तुमी शिकलेलं. पर माझा मामा एकदा पोलिसात गेला हुता. त्यो बी फौजदार असंच म्हणला हुता. खरं बोल, सोडतो. चार म्हैनं बसला आत."

"अगं, या बाई फौजदार नाहीत."

"मग वहीत काय लिवत्यात मगाधरनं?"

मालननं खरोखर काही केलं नव्हतं. तिला कबूल करायलाही काही नव्हतं. तिचा प्रामाणिकपणाच तिच्या गळ्याशी आला होता, आणि ती जितकी शपथेवर सांगत होती तितकी ऑर्डर बुडत होती.

मायरबाई परत घोंगडीवर येऊन बसल्या. चहा आला. गाडीवाला दोनदा घड्याळ दाखवून गेला; संध्याकाळी पुण्याहून दिल्लीचं विमान गाठायचं होतं.

"निदान पत्रं तरी ऐकवते," बाई म्हणाल्या. "ज्यांनी बनवलं त्यांना कळलं पाहिजे, ज्यांनी घातलं ते काय म्हणतात."

त्यांनी फाईल उघडली आणि एकेक पत्र वाचायला लागल्या, मी मागोमाग. ग्रंथपालबाईंनी लिहिलं होतं की, गेली तीस वर्षं मी लोकांना 'शांतता राखा' सांगत आले. आता मी कपाटांमधून गेले की वाचक मला सांगतात. एका पाद्र्यानं लिहिलं होतं की प्रार्थना चालू असताना उशिरा येणारा कोण हे आता सगळ्यांना कळतं, आणि हे चांगलं की वाईट यावर त्याच्या मंडळींत दोन तट पडलेत. एका गृहस्थानं नाव न देता लिहिलं होतं की, बायकोला कळू न देता जिना चढायची माझी वीस वर्षांची कला तुमच्या चपलेनं एका रात्रीत मातीत घातली. भरपाई कुणाकडं मागू?

वस्ती आता हसायला लागली होती. तोंडावर पदर, टोप्या, हात. राजाराम तर भिंतीला टेकून खाली बसला. "त्याला सांगा, अनवाणी चढ म्हणावं!"

मायरबाईसुद्धा हसत होत्या. मग त्यांनी तळातलं एक पत्र काढलं, लहानसं, दुमडलेलं. वाचायच्या आधी त्यांनी ते हातानं सरळ केलं.

"ही तक्रार नाही. पण आमच्याकडं प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचा नियम आहे, आणि याचं उत्तर मला कुणीच देऊ शकलं नाही," त्या म्हणाल्या. आणि वाचलं.

एका म्हातारीचं पत्र होतं. तिनं लिहिलं होतं : मी एकटी राहते. नवरा गेल्याला तीन वर्षं झाली. घरात पाऊल वाजलं नव्हतं. आता मी स्वयंपाकघरात जाते तेव्हा कुणीतरी माझ्याबरोबर येतं, मी थांबले की थांबतं. लोक या चपला परत करताहेत असं ऐकलं. माझ्या मात्र घेऊन जाऊ नका. मला एवढंच विचारायचं आहे : हा आवाज किती वर्षं टिकतो?

मी ते मराठीत सांगून संपवलं. चाळीस माणसांत त्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसलेलं कुणी नव्हतं, आणि एकालाही ते देता येत नव्हतं. मालन मातीकडं बघत होती.

"तळ झिजंस्तोवर."

आवाज पडवीतून आला. भरमाण्णांनी हातातली आरी खाली ठेवली नव्हती. टाक्यावरची नजरही काढली नव्हती. गिऱ्हाइकानं मालाबद्दल विचारलंय, कारागिरानं सांगितलंय, एवढंच.

"सा-सात वर्सं म्हणावं. घरातल्या घरात घालत आसंल तर धा बी जातील. पर भिजू दिऊ नको म्हणावं. भिजलं की बी फुगतंय, मग आवाज बसतोय. आन् भिजलीच, तर सावलीत वाळीव. उनात न्हाई."

"मामंजी!" मालनच्या तोंडून किंकाळीच निघाली.

मी भाषांतर केलं. दुभाष्या होतो, दुसरं काय करणार?

मायरबाईंनी वही उघडली. "बी?" त्यांनी विचारलं.

"बी," भरमाण्णा म्हणाले.

"कुणी घातलं?"

"मी. समद्यांचं तळ शेवटाला माझ्याकडंच येत हुतं, खळ लावून ठोकायला."

"किती जोडांत?"

"सहाशे. डाव्यात बी, उजव्यात बी."

"पण तक्रारी साठच आल्या."

भरमाण्णांनी पहिल्यांदा मान वर केली. थोडा विचार केला. "मग बाकीच्यांस्नी आवडली आसंल," म्हणाले.

मायरबाई मोठ्यानं हसल्या, इतक्या मोठ्यानं की म्हशीनं पुन्हा वळून पाहिलं. पण मालन हसत नव्हती. ती सासऱ्यासमोर जाऊन उभी राहिली होती, आणि तिचे डोळे भरले होते.

"माझी सई हुती त्या कागदावर, मामंजी. तुमाला म्हायती हुतं. मी दारोदार सांगत फिरले, माझी माणसं असं करायची न्हाईत. कशापायी केलंसा?"

मायरबाईंनीही तेच विचारलं, त्यांच्या पद्धतीनं : 'मुद्दाम' असं लिहायचं तर कारण लिहावं लागेल.

म्हाताऱ्यानं आरी पाटावर ठेवली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि माझ्याकडं नाही, मालनकडंही नाही, मायरबाईंच्या पायांतल्या चपलांकडं बघत बोलायला लागला. मी एकेका वाक्याला जर्मन करत गेलो. 'मी' म्हणत गेलो.

मी बारा वर्षांचा होतो. माझ्या बापानं उरल्यासुरल्या तुकड्यांतून माझ्यासाठी जोड केला. वाजता. गावाला आम्ही वाजत्या करून द्यायचो, स्वतःला कधी केल्या नव्हत्या. मीच हट्ट धरला होता. घालून बाजाराला निघालो. एवढा आवाज आपल्या पायांतून येतोय याचं मला हसू येत होतं. चावडीपुढं आलो. पाटील बसले होते. म्हणाले, कुणाची रे वहाण वाजते? मी म्हणालो, माझी.

इथं भरमाण्णा थांबले, म्हणून मीही थांबलो.

त्यांनी मला ती काढायला लावली. डोक्यावर घ्यायला लावली. चावडी संपेपर्यंत तसाच गेलो. बसलेले सगळे हसत होते. दुसऱ्या दिवशी बापानं तळ उसवला, बी काढून फेकलं आणि पुन्हा शिवला. म्हणाला, घाल आता, गप आहे.

"मग मी गपच घातल्या जलमभर," भरमाण्णा म्हणाले. "पाटीलकी गेली, चावडीत शाळा भरली, तरी गपच. सवय पडली. आन् मग मालन हा कागद घिऊन आली. सहाशे जोड, आन् तिकडनं बी त्येच सांगणं, आवाज नको. मला वाटलं, येवडा समिंदर वलांडून जायाच्यात. तिकडं चावडी न्हाई म्हंत्यात. तिकडं तरी बोलूंदेत की."

मी शेवटचं वाक्य जर्मनमध्ये सांगितलं. मायरबाईंनी ते पुन्हा सांगायला लावलं. मग त्यांनी वहीत लिहिलं. या वेळी मी चोरून पाहिलं नाही. त्यांनीच वही माझ्यापुढं धरली. लिहिलं होतं : हेतुपुरस्सर. दोष नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. मायरबाई म्हणाल्या, दोन प्रकार करा, एक बोलती, एक गप्प. प्रत्येक जोडाला चिठ्ठी लावा, ज्याला जी हवी त्यानं ती घ्यावी. मालननं डोळे पुसत पुसत विचारलं, बोलती किती आन् गप किती? बाई म्हणाल्या, ते गिऱ्हाईक ठरवेल. राजाराम म्हणाला, पाद्र्याला एक जोड फुकट पाठवू. अनुसया म्हणाली, त्या आजीचा जोड झिजला की दुसरा माझ्याकडनं. हौसाक्काला पुन्हा गायचं होतं. मालन सासऱ्याशी बोलत नव्हती, पण चहाचा पहिला कप तिनं त्यांच्यापुढंच नेऊन ठेवला, जरा आपटून.

बाई निघायला उठल्या. वही पिशवीत टाकली, चपला काढून कागदात गुंडाळल्या, स्वतःचे बूट घातले. मग पडवीपाशी येऊन म्हाताऱ्यासमोर वाकून उभ्या राहिल्या.

"हे अहवालासाठी नाही," त्या मला म्हणाल्या. "मला फक्त जाणून घ्यायचंय. त्या दिवशी चावडीवर बसलेला तो माणूस कोण होता?"

मी प्रश्न मराठीत विचारला.

भरमाण्णांनी माझ्याकडं पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा, सरळ. तेव्हा माझ्या लक्षात आलं, इतकं सगळं सांगताना त्यांनी नाव तेवढं घेतलं नव्हतं.

"हुता कोणतरी," ते म्हणाले. "मेला बी कवाच. नाव घिऊन काय करायचंय? सांगा बाईस्नी, आता आठवत न्हाई."

सगळी वस्ती माझ्या तोंडाकडं बघत होती. काम सोपं होतं. आठवत नाही, जर्मनमध्ये चारच शब्द.

ती गोष्ट मला माहीत होती. अर्ध्यावर आली तेव्हाच मी ती ओळखली होती. आमच्या घरी ती जेवताना सांगायचे, पाहुणे आले की हटकून, विनोदी म्हणून. लहानपणी मीही तिला पोट धरून हसलो होतो. आमच्या गोष्टीतल्या पोराला नाव नव्हतं.

मायरबाई थांबल्या होत्या. "काय म्हणतात ते?"

"माझे आजोबा होते ते," मी म्हणालो. आधी मराठीत.